पाण्याची दारं

गाडी तापायला लागली की आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये एक उपाय पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरतं तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडून फिरू न देणारी झडप, काढून टाका. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००. अशा कितीतरी जुन्या गाड्यांच्या इंजिनांतून हा भाग एकदा निघाला तो परत बसलाच नाही. त्यामागे विचारही होता. मुंबईत हिवाळ्याच्या पहाटेसुद्धा पारा १५ अंशांखाली क्वचितच जातो, हीटर कुणाला लागत नाही, आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर घाटाच्या मध्यावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग, उडतं. रस्त्यावर गाडी चालवून पोट भरणाऱ्याने ती जोखीम का घ्यावी? ज्या इंजिनात थर्मोस्टॅट म्हणजे एकाच वाटेवरचं एक दार असतं, तिथे हे खपूनही जातं. इंजिन नेहमी थोडं गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलचा काळा गाळ होतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. पण हे सगळं सावकाश होतं, म्हणून त्याचा दोष थर्मोस्टॅटवर कुणी ठेवत नाही.

फियाट १२४ स्पायडरमध्ये मात्र हा उपाय उलटतो. या गाडीतून थर्मोस्टॅट काढला, किंवा त्याच्या पोटातली झडप फोडून नुसतं कवच परत बसवलं, तर चढावर आणि हायवेवर गाडी आणखी तापते. ते का, हे समजून घेतल्याशिवाय या गाडीच्या पाण्याच्या पाइपांना हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

ही गाडी नोव्हेंबर १९६६ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात आली. उघड्या टपाच्या या गाडीचा आकार पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या टॉम त्यार्दाने काढला, आणि दोन कॅमशाफ्टचं इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीचं, जो आधी फेरारीची इंजिनं घडवत होता. सुरुवातीला १४३८ सीसी, वाढत वाढत शेवटी १९९५ सीसी. १९८५ पर्यंत जवळपास दोन लाख गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. १२४ नावाच्या साध्या चार दारांच्या गाडीशी आपलंही नातं आहे. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनईचा सांगाडा त्याच घराण्यातला. पण तिचं इंजिन निस्सानचं आहे आणि थर्मोस्टॅटही वेगळ्या पद्धतीचा, त्यामुळे पुढचं वर्णन तिला लावू नये. रशियात तोल्यात्तीला बनलेल्या झिगुली गाड्यांना मात्र याच तत्त्वावरचा तीन तोंडांचा थर्मोस्टॅट असतो.

तीन तोंडं, हीच यातली गोम आहे. नेहमीच्या इंजिनात थर्मोस्टॅट ही एक चकती असते. इंजिनातून तापलेलं पाणी बाहेर पडतं तिथे झाकणाखाली ती बसवलेली असते. स्पायडरमध्ये तो इंजिनाच्या पोटात नसतोच. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत, तीन रबरी होस पाइपांच्या आधाराने लटकणारी ती एक धातूची बंद डबी आहे. एक पाइप सिलिंडर हेडच्या पुढच्या टी-जोडापासून येतो, त्यातून इंजिनातलं तापलेलं पाणी येतं. दुसरा रेडिएटरच्या तळापासून येतो, त्यातलं पाणी निवलेलं असतं. तिसरा डबीतून पाण्याच्या पंपाकडे जातो. म्हणजे दोन वाटा आत आणि एक बाहेर.

ज्याने उसाला पाणी धरलेलं पाहिलं आहे त्याला ही डबी लगेच कळेल. एक सरी भरत आली की पाणी धरणारा फावड्याने माती ओढून तिचं दार बांधतो आणि पुढच्या सरीचं मोडतो. मधले काही क्षण दोन्हीकडे थोडं थोडं पाणी वाहत असतं. डबीतलं कामही तसंच चालतं, फक्त पाणी उलट दिशेने वाहतं: दोन सऱ्यांचं पाणी एका पाटात. इंजिन गार असतं तेव्हा रेडिएटरकडचं दार पूर्ण बांधलेलं आणि हेडकडचं सताड उघडं. पाणी हेडमधून डबीत, डबीतून पंपात, पंपातून परत इंजिनात असं आतल्या आत फिरत लवकर तापतं. ८० अंश सेल्सियस ओलांडलं की डबीच्या पोटातलं मेण वितळायला लागतं. वितळताना ते फुगतं, रबरी बाहीवर दाब देतं आणि मधली बारीक दांडी पुढे ढकलतं. रेडिएटरचं दार किलकिलं होतं आणि त्याच चालीत हेडकडचं दार मिटत जातं. पाणी पुरतं तापलं की जवळजवळ सगळंच्या सगळं रेडिएटरमधून फिरून यावं लागतं.

आता ही झडप काढली तर काय होईल? दोन्ही दारं कायमची उघडी. पाणी सोपी वाट धरतं, आणि हेडमधून थेट पंपाकडे जाणारी वाट रेडिएटरच्या बारीक नळ्यांपेक्षा कितीतरी सोपी. म्हणून तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा न निवताच इंजिनात परततो. गावात हळू चालवताना काटा खालीच राहतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. चढाला लागला की काटा चढतो आणि उतरत नाही. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात, आणि त्या ओढाताणीत मधलं गॅस्केट सापडतं. हेड वाकलं तर मशीनवर घासून आणावं लागतं. काही शे रुपये वाचवायला काढलेल्या भागापायी इतका खर्च होणं फार वाईट.

या रचनेमुळे दोष शोधायची रीतही बदलते. नेहमीच्या गाडीत थर्मोस्टॅट उघडला का हे रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून कळतं. इथे वरचा पाइप हेडच्या टी-जोडाला थेट जोडलेला असतो, तो हळूहळू तापणारच. खरं सांगतो तो खालचा पाइप. इंजिन गार असताना सुरू केल्यावर बराच वेळ तो गारच राहिला पाहिजे, आणि काटा मधोमध पोचता पोचता एकाएकी ऊन लागला पाहिजे. सुरुवातीपासूनच कोमट होत गेला तर झडप नीट मिटत नाही. काटा वर गेला तरी खालचा पाइप थंडगार असेल तर ती उघडतच नाही, आणि त्या क्षणी इंजिन बंद करावं.

एक फसगत फार वेळा होते. विजेचा पंखा असलेल्या गाड्यांत तो चालू करणारा स्विच रेडिएटरला बसवलेला असतो. त्यावर ९२-८७ असे आकडे कोरलेले दिसले तर पंखा ९२ अंशांना सुरू आणि ८७ ला बंद. पण मीटरच्या काट्याला माहिती देणारा सेन्सर हेडमध्ये असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की हेड उकळतं, रेडिएटर मात्र थंड, त्यामुळे पंखा सुरूच होत नाही. मग स्विच बदलला जातो, वायरिंग तपासलं जातं, पंख्याची मोटर उतरवली जाते. यातलं काहीही करण्याआधी रेडिएटरच्या खालच्या भागाला हात लावून पाहावं. काटा लाल खुणेला आणि रेडिएटर गार, तर पंखा निर्दोष आहे.

उलट, गाडी फक्त सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर पंख्याकडे पाहावं. वेग वाढेल तसा काटा चढतो, तर रेडिएटर चोक झालेला असण्याची शक्यता जास्त. इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा वर धावतो, तर थर्मोस्टॅट किंवा साठलेली हवा. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचं मीटर फॅरनहाइटमध्ये असतं. त्यावरचे १९० अंश म्हणजे ८८ सेल्सियस, घाबरण्याचं कारण नाही.

नवा थर्मोस्टॅट घेताना त्याच्यावर कोरलेला आकडा पाहावा. ८० ते ८७ च्या दरम्यानचा कोणताही या इंजिनाला चालतो. त्या आकड्याला झडप उघडायला लागते आणि पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून फार कमी आकड्याचा शोधण्यात अर्थ नाही. झडप पूर्ण उघडल्यावर इंजिन किती तापेल हे रेडिएटर, पंखा आणि पंप ठरवतात. थर्मोस्टॅट ठरवतो ती फक्त खालची मर्यादा.

डबीबरोबर तिचे तिन्ही होस पाइप, वरचा पाइप आणि सगळ्या क्लिपा नव्या घ्याव्यात. जुना पाइप बाहेरून धड दिसतो पण आतून भेगाळलेला असतो, आणि नव्या डबीला जुना पाइप जोडला तर गळती हमखास तिथेच सुरू होते. पाण्याची पूर्ण मात्रा सुमारे साडेसात लिटर. अर्धं-अर्धं मिश्रण करायचं तर ३.७५ लिटर कूलंट आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी कधीही नको, त्यातले क्षार हेडच्या आतल्या वाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. नुसतं पाणीही नको. कूलंट फक्त बर्फाळ देशांसाठी असतं हा समज चुकीचा आहे. त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमचं हेड वाचवतात आणि उत्कलनबिंदूही वाढतो. जुन्या इंजिनाला साधं हिरवं कूलंट बरं. ते दर दोन वर्षांनी बदलावं आणि लाल किंवा गुलाबी प्रकारात मिसळू नये.

काम सुरू करण्याआधी गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहऱ्यावर वाफ घेणं. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी, म्हणजे पंखा अचानक फिरणार नाही. हीटरचा खटका गरम बाजूला न्यावा, नाहीतर हीटरमधलं जुनं पाणी तसंच राहतं. मग झाकण उघडून रेडिएटर खालून रिकामा करावा. एवढ्याने सगळं पाणी निघत नाही, दोन-तीन लिटर ब्लॉकमध्ये उरतं. ब्लॉकच्या बाजूचा निचऱ्याचा स्क्रू सुटला तर उत्तमच. गंजून बसला असेल तर जबरदस्ती करू नये, त्याचा हिशोब भरताना करता येतो. निघालेलं कूलंट घमेल्यात धरून झाकून ठेवावं. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर किंवा लहान मूल तिथे पोचता कामा नये, आणि ते गटारात ओतू नये.

पाइप सोडवताना हात आवरता घ्यावा. क्लिप ढिली करून पाइप आधी गोल पिळावा, म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं. सुटत नसेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढावा, तो तसाही फेकायचाच आहे. स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटायला गेलं की दोन ठिकाणी घात होतो. रेडिएटरचं पितळी तोंड डागलेलं असतं, ते डागातून सुटतं. आणि हेडवरचा टी-जोड ॲल्युमिनियमचा असतो. पन्नास वर्षांच्या गंजाने तो आतून पातळ झालेला असतो आणि पापडासारखा तुटतो. पाइप काढल्यावर त्याची धार बोटाने चाचपून पाहावी. खड्डे खोल असतील, कड खाल्ली गेली असेल, तर तो आत्ताच बदलावा. स्टेनलेस स्टीलचे तयार टी-जोड मिळतात. किरकोळ पांढरा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून तोंड गुळगुळीत करावं, आत भुकटी जाऊ नये म्हणून फडकं कोंबून. फडकं काढायला विसरू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नव्या डबीची तीन तोंडं दिसायला सारखीच असतात, आणि उलटी जोडली तर गाडी थर्मोस्टॅट नसल्यापेक्षाही वाईट वागते. जुनी डबी शेजारी ठेवून ताडावीच, पण त्यावर विसंबू नये, कारण जुनी आधीच कुणी चुकीची बसवलेली असू शकते. खात्रीची परीक्षा फुंकेची. डबी नवी आणि गार असताना एक तोंड ओठांशी धरून हलकी फुंक मारावी आणि उरलेल्या दोन्हींपुढे बोट धरावं. ज्या दोन तोंडांमधून हवा मोकळी जाते ती हेडची आणि पंपाची. जे बंद लागतं ते रेडिएटरचं. त्या दोघांत हेडचं कोणतं आणि पंपाचं कोणतं, हे ठरवायला डबीवरची खूण पाहावी किंवा आत डोकावावं. ज्या तोंडासमोर झडपेची दुसरी चकती मिटायला येते ते हेडचं. ठरलं की प्रत्येक तोंडावर मार्करने नाव लिहूनच हात पुढे न्यावा.

नवी डबी बसवण्याआधी उकळून पाहणंही चांगलं. पातेल्यात पाणी घेऊन डबी दोरीने अधांतरी लटकवावी, तळाला टेकू देऊ नये, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर. ८० च्या पुढे चकती हलताना दिसते. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला, म्हणून तिथे झडप पातेल्यात पूर्ण उघडलेली दिसली नाही तर तिला दोष देऊ नये. गाडीत झाकणाच्या दाबाखाली पाणी शंभराच्या वरही उकळत नाही. याच कारणासाठी झाकणाचं रबर कडक झालं असेल तर त्याच आकड्याचं नवं झाकण लावावं.

पाइप चढवताना तोंडाला थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा ऑइल लावलं तर रबर फुगतं आणि काही महिन्यांत मऊ पडतं. पाइप तोंडावरच्या उभारीच्या पलीकडे पुरेसा गेला पाहिजे आणि क्लिप त्या उभारीच्या मागे बसली पाहिजे. नेमकी तिच्यावर बसली तर ती दाबाने सरकते. क्लिपचा स्क्रू अशा बाजूला ठेवावा की नंतर स्क्रू ड्रायव्हर सहज पोचेल. गच्च आवळल्याने गळती थांबते असं नाही, क्लिप रबर कापते. लटकणारी डबी पंख्याच्या पात्याला किंवा पट्ट्याला लागत नाही ना, हे पट्टा हाताने थोडा फिरवून पाहावं. पंप आणि अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर कूलंट सांडलं असेल तर पुसावं, नाहीतर तो घसरून किंचाळतो.

भरताना गाडीचं नाक उंच असू द्यावं. चढावर उभी करावी किंवा पुढची चाकं वीतभर उचलावीत, म्हणजे आतली हवा रेडिएटरच्या तोंडाकडे येते. ब्लॉकमधलं पाणी निघालं नसेल तर मिश्रण आधी करू नये. पहिल्यांदा ३.७५ लिटर निव्वळ कूलंट ओतावं आणि मग डिस्टिल्ड वॉटरने भरत जावं, ब्लॉकमध्ये उरलेलं नुसतं पाणी असेल तर प्रमाण आपोआप जमतं. सावकाश ओतावं. मधून मधून पाइप मुठीत दाबून सोडावेत, बुडबुडे वर येताना ऐकू येतात. मग बॅटरी जोडून, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करावं. सुरुवातीला पातळी खाली जाईल, भरत राहावं. झडप उघडते त्या क्षणी ती एकदम खाली जाते, तेव्हा भांडं हातातच असावं. खालचा पाइप ऊन लागला की झाकण लावावं आणि पंखा स्वतःहून दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत थांबावं. एकदा पुरत नाही, कारण पहिल्या फेरीत हेडमध्ये अडकलेली हवा दुसऱ्या फेरीत सुटते.

हीटर गरम वारा देतो का, हेही पाहून घ्यावं. काटा मधोमध आणि हीटर गार, तर हवा अजून आत आहे. काटा वरखाली नाचत असेल तरी तेच. तासभर थंड होऊ देऊन पुन्हा भरावं. पण बुडबुडे तीन-चार फेऱ्यांनंतरही थांबत नसतील आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असतील, तर ती हवा नव्हे. सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून पाण्यात येतो आहे. त्याला नवा थर्मोस्टॅट काही करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून पातळी पाहावी. अर्धा-एक कप कमी होणं नेहमीचं. सगळ्या क्लिपा अर्धा फेरा आवळाव्यात, कारण नवं रबर पहिल्यांदा तापून निवल्यावर थोडं बसतं. तीच पाहणी शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा. क्लिपेच्या कडेला पांढरट किंवा हिरवी बुरशी धरली असेल, किंवा गाडी उभी केल्यावर बॉनेटपाशी गोडसर वास येत असेल, तर तो जोड सोडवून तोंड पुन्हा घासावं. आणि निघालेली जुनी डबी लगेच टाकू नये. तीही एकदा पातेल्यात उकळून पाहावी. कुठे अडकते, किती अंशांना हलते, हे कळलं की गाडी इतके दिवस तशी का वागत होती याचा उलगडा होतो. आणि तीही ठीक चालताना दिसली, तर त्याच दिवशी रेडिएटर उतरवून दाखवायला न्यावा.